कच्च्या दोऱ्याचा मोर

फार पूर्वी नदीकाठी विणकरांची एक पेठ होती, आणि त्या साऱ्या पेठेत नकशे बांधणारा एकच माणूस होता. नकशा म्हणजे कागदावरचे चित्र नव्हे. मागाच्या वर दोऱ्यांचा एक जुडगा टांगलेला असे आणि त्या दोऱ्यांना ठरावीक जागी गाठी मारलेल्या असत. कोणता दोरा केव्हा ओढायचा, हे त्या गाठी सांगत. एकाने दोरे ओढायचे, दुसऱ्याने आडव्या धाग्याचा धोटा टाकायचा, की कापडावर वेल चढू लागे, कमळ उमलू लागे. हे गाठींचे गणित नकशेकाराच्या डोक्यात होते, दुसऱ्या कुणाच्या नव्हते.

एका नकशाबद्दल विणकर त्याला पोतेभर ज्वारी देत. पण ज्वारीपेक्षाही त्याला गोड लागे ती त्याच्या शब्दाची किंमत. त्याने दोरा अंगठ्यावरून फिरवून 'चढवा' म्हटल्याशिवाय पेठेत कुणी नवा नकशा मागावर चढवत नसे.

पुढे एकदा राजाने परमुलखातले नक्षीदार कापड पाहिले आणि त्याला वाटले, आपले विणकर मागे पडताहेत. त्याने खजिना उघडला. पेठेजवळच्या टेकडीवर एक मोठा मंडप बांधला, राजधानीतली शिकलेली माणसे तिथे आणून बसवली, आणि एका हुशार बाईला त्यांची प्रमुख नेमले. मग पेठेत दवंडी पिटली गेली.

"ऐका हो ऐका! महाराजांनी टेकडीवर नवरचना मंडप उभारला आहे. ज्याला नकशा हवा त्याने यावे आणि घेऊन जावे. ज्वारीचा एक दाणाही द्यावा लागणार नाही!"

नकशेकाराच्या घशाखाली त्या दिवशी भाकरी उतरेना.

"माझ्याच घरातून जकात नेतात," तो बायकोला म्हणाला, "आणि माझ्याच अन्नात माती कालवतात!"

"मग जाऊन सांगा ना तसं."

"कुणाला सांगू? मला विचारलं का कुणी? कुठून कुठून माणसं आणली, आणि चाळीस वर्षं इथं गाठी मारत बसलेला माणूस त्यांना दिसला नाही?"

"नाही दिसला, तर जाऊन दिसा."

तो गेला नाही. गेलो आणि त्यांनी ओळखच दाखवली नाही तर, अशी धास्ती त्याच्या मनात होती, पण ती त्याने बायकोला सांगितली नाही. त्याऐवजी तो ओट्यावर बसून टेकडीकडे कोण कोण जाते ते पाहू लागला.

"ती बघ, कोपऱ्यावरची निघाली. तोंड लपवून चालली आहे!"

"अहो, ऊन आहे. पदर घेतला असेल डोक्यावर."

"ऊन काय आजच पडलं?"

असे रोज चाले. कोपऱ्यावरची गेली, देवळामागचे दोघे भाऊ गेले. पेठेतली अर्धी घरे टेकडी चढून आली. एका दुपारी शेजारची विणकरीण मंडपातला नकशा घेऊन थेट त्याच्याच ओट्यावर आली. तिच्या घरात ती आणि तिची जाऊ दोघीच एक माग चालवीत.

"दादा, रागावू नका हं," ती म्हणाली. "फुकट मिळत होता म्हणून आणला. पण तुम्ही बघितल्याशिवाय चढवायचा धीर होत नाही. ठीक आहे ना?"

नकशेकाराने जुडगा हातात घेतला. चूक सापडेल अशा आशेने तो एकेक गाठ मोजत गेला. मोर होता. मानेला डौल होता, पिसाऱ्यातले डोळे जागच्या जागी होते. असा मोर त्याने आयुष्यात बांधला नव्हता. मोर चांगला होता, आणि तेच त्याला सोसेना.

मग त्याने सवयीप्रमाणे दोरा अंगठ्यावरून फिरवला आणि त्याचा हात थांबला. दोरा कच्चा होता. तो स्वतः प्रत्येक दोरा चिंचोक्याच्या खळीत उकळून तीन दिवस उन्हात ताणून ठेवी. टेकडीवर कोरडी हवा, फरसबंद जमीन, त्यामुळे मंडपातल्या माणसांना त्याची गरज कधी भासलीच नसणार. पेठेतले माग मात्र जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेले. मार्गशीर्षात नदीवरून धुके आले की ओल थेट खड्ड्यात उतरे. कच्चा दोरा त्या ओलीने ढिला पडणार, ओढ कमी पडणार, नक्षी घसरणार, हे त्याला स्वतःचे नाव ठाऊक असावे तसे ठाऊक होते.

तो बोलणारच होता. तेवढ्यात विणकरीण कौतुकाने म्हणाली, "काय देखणा मोर आहे ना, दादा? आपल्या पेठेत असा कधी झाला नव्हता!"

ओठांवर आलेले शब्द त्याने गिळले.

"राजाच्या मंडपातला नकशा," तो म्हणाला. "मी काय बघणार त्यात, वहिनी? छान आहे. चढवा."

ती आनंदाने गेली. तो मात्र संध्याकाळपर्यंत स्वतःशीच हुज्जत घालत बसला. 'मी खोटं कुठं बोललो? मोर छानच आहे. आणि दोरा राजाचा, जबाबदारीही राजाची.' इतके समजावूनही त्याचे मन काही गप्प बसेना.

पेठेत कापड उलटे विणत. नक्षीची सुलट बाजू खाली राही आणि विणलेले कापड रुळावर गुंडाळले जाई. जत्रेसाठीचे सगळे शेले एकाच ताण्यावर ओळीने विणायचे आणि जत्रेच्या आदल्या सकाळी मागाची पूजा करून एकदमच उतरवायचे, अशी तिथली रीत होती. मधेच कापड उलगडून पाहणे अशुभ मानीत. त्यामुळे आत काय उमटते आहे हे विणणारीलाही दिसत नसे.

मार्गशीर्ष लागला. धुके आले. त्या सकाळी नकशेकाराला राहवले नाही. पायांत वहाणा सरकवून तो शेजारच्या दारापर्यंत गेला. अजून वेळ गेलेली नव्हती. दोनच शेले पुरे झाले असतील. दोरे उतरवून खळीत घातले असते, तर पुढचे सगळे वाचले असते. कडी वाजवायला त्याने हात उचलला, तोच आतून जावेचा आवाज आला.

"बाकी काही म्हणा जाऊबाई, मंडप झाला ते बरं झालं. नाहीतर ओट्यावरचे ते दादा किती भाव खायचे! दोरा असा फिरवायचे, जसा काही नाडीपरीक्षा करणारा वैद्य!"

विणकरीण खळखळून हसली.

नकशेकाराचा हात खाली आला. 'हसा,' तो मनात म्हणाला. 'जत्रेत कोण हसतंय ते बघू.' आणि तो परतला. घरी येताना त्याला बरेही वाटत होते. सगळे आपल्या ओट्यावर हात जोडून उभे आहेत आणि आपण आढेवेढे घेतो आहोत, असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे रंगत होते.

जत्रेच्या आदल्या सकाळी पेठेत एकेक माग उतरला आणि एकेक घर गप्प झाले. विणकरणीचे पहिले दोन शेले ठीक निघाले. उरलेल्या नऊंवर मोरांच्या माना शेल्यागणिक खाली खाली येत गेल्या होत्या. मंडपाचा नकशा ज्या ज्या घरी होता, त्या त्या घरी हेच. तरीही लोकांनी माल जत्रेत नेला. दुसरे होते काय न्यायला?

परगावच्या व्यापाऱ्याने शेला उलगडला, लांब धरला, जवळ धरला.

"बाई, हे मोर आहेत की मोडशी झालेल्या कोंबड्या?"

आजूबाजूचे सगळे हसले. गर्दीत उभ्या असलेल्या नकशेकारालाही हसू आले, पण ते ओठांवर ठरले नाही. कारण व्यापारी पुढे म्हणाला, "या पेठेचा नक्षीचा माल यापुढे मी घेणार नाही. साधं कापड असेल तर आणा."

नक्षीचा माल म्हणजे फक्त मंडपाचा नव्हे, आपल्या नकशांचाही, हे नकशेकाराच्या तेव्हा ध्यानात आले.

त्यानंतर तो ओटा झाडून वाट पाहू लागला. एक आठवडा गेला, दोन गेले. कुणी येईना. शेवटी त्यानेच विणकरणीला थांबवले. "वहिनी, नवा नकशा बांधून देऊ का? ज्वारीचं नंतर बघू."

"नको दादा. नकशाचं नावच नको आता. साधं विणू, साधं विकू."

मग एके दिवशी मंडपाची प्रमुख स्वतः पेठेत उतरली. घराघरांतून ते शेले पाहत, माफी मागत ती फिरली, आणि शेवटी विणकरणीला बरोबर घेऊन नकशेकाराच्या ओट्यावर आली.

"काका," ती म्हणाली, "आम्ही गाठी चार वेळा मोजल्या. एकही चुकलेली नाही. मग माना का पडल्या? सगळे म्हणतात, दोऱ्यातलं तुम्हालाच कळतं. खरं तर मंडपाचा पाया घालायच्या आधीच मी तुमच्याकडे यायला हवं होतं. ती चूक माझी."

हे शब्द ऐकायला नकशेकार वर्षभर तहानलेला होता. त्याची जीभ सुटली.

"गाठी मोजून काय होतं, बाई? दोरा बघा, दोरा! कच्चा आहे. चिंचोक्याची खळ हवी, तीन दिवसांचं ऊन हवं. नाहीतर खड्ड्यातल्या ओलीनं ढिला पडणारच. मला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. नुसता अंगठा फिरवला आणि..."

तो थांबला. पण बोलून झाले होते.

"पहिल्याच दिवशी?" विणकरणीने हळूच विचारले. "म्हणजे मी तुमच्या हातात दिला, तेव्हा?"

"मोर छानच होता, वहिनी," तो पुटपुटला.

"नऊ शेले, दादा. पावसाळा सरल्यापासून आम्ही दोघी त्या खड्ड्यात पाय घालून बसलो होतो." तिचा आवाज चढला नाही. "त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं."

एवढे बोलून ती ओटा उतरून गेली. मंडपाची प्रमुख मात्र थांबली.

"मी तुम्हाला मंडपात न्यायला आले होते," ती म्हणाली. "सगळ्यांच्या वर, मानानं. पण मंडपातला प्रत्येक नकशा दुसऱ्याच्या मागावर चढतो, काका. चूक दिसली तरी गप्प राहील असा माणूस तिथं कसा ठेवू?"

खळ सांगितल्याबद्दल तिने नमस्कार केला आणि तीही गेली.

"बघितलंस?" नकशेकार आत येऊन बायकोला म्हणाला. "आधी विचारायला आली असती, तर यातलं काही झालं नसतं. चूक तिचीच आहे!"

"आहे की," बायको म्हणाली. "आणि ती तिनं तुमच्या ओट्यावर येऊन, शेजारणीदेखत कबूल केली."

थोड्या वेळाने नकशेकार शेजारच्या दारासमोर जाऊन उभा राहिला. आत धोटा चालला होता, साधे कापड विणले जात होते. सुरुवात कोणत्या शब्दाने करावी, हे त्याला बराच वेळ सुचले नाही.

तात्पर्य इतकेच: आपली तक्रार रास्त असेलही, पण तिचा राग तिसऱ्याच्या नुकसानीतून काढला, तर ती तक्रार ऐकून घ्यायला कुणी उरत नाही.