जुनं कार्ड जिथल्या तिथे

एकदा एका सावत्र आईची झोप उडाली. दृष्टांतात माणसांना नावं नसतात हे माझ्या सोयीचं आहे, पण ती सावत्र आई मीच. काळजी एवढीशीच होती: नऊ वर्षांची स्वरदा दीड वर्षात मला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती. "ऐक ना" म्हणायची, नाहीतर नुसती समोर येऊन उभी राहायची.

तिच्या आईचा लॅपटॉप तिच्यापाशी होता. आई गेल्यावर मागे राहिलेल्या वस्तूंपैकी तेवढीच ती रोज वापरायची. चित्रकलेचा ऑनलाइन वर्ग त्याच्यावरच करायची. एक दिवस त्याचं वायफाय बंद पडलं. तिनं वर्गच सोडला. बाबांचा फोन देऊ केला, तर तिनं तो घेतला नाही. मला मात्र यात संधी दिसली. आतलं वायरलेस कार्ड गेलंय, एवढं कळल्यावर मी चार दिवस वाचन केलं आणि सगळ्यांत नवं, सगळ्यांत वेगवान कार्ड मागवलं. मी प्रत्येक गोष्ट अशीच अभ्यास करून निवडते. लग्नाआधीही सगळे प्रश्न विचारले होते. स्वरदाला तेवढं कोणी काही विचारलं नव्हतं.

मिरजेच्या बाजारामागच्या गल्लीत हिंगमिरे काका लॅपटॉप दुरुस्त करतात. सत्तरी उलटलेली, आवाज हळू. त्यांच्याकडे निलोफर नावाची मुलगी काम शिकते. स्वरदा लॅपटॉप छातीशी धरून माझ्याबरोबर आली.

निलोफरनं मागचं झाकण उघडलं, जुन्या कार्डावरच्या दोन बारीक तारा अलगद सोडवल्या आणि माझं कार्ड बसवलं. लॅपटॉप सुरू केला, तर काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि तो तिथेच थांबला.

"अनोळखी कार्ड म्हणतोय," ती म्हणाली. "काका, ताईंचं कार्ड खराब आहे का?"

"कार्ड उत्तम आहे. पण अशा काही जुन्या मशीनच्या पोटात एक यादी असते. यादीत नसेल ते कितीही चांगलं असो, मशीन घेत नाही."

"मग यादी पुसू या की!"

"पुसता येते. हात चुकला तर मशीनच जातं. आणि पुसायची कशासाठी, नव्या कार्डाचा मान राखायला?"

विचारलं निलोफरला होतं. मान माझी खाली गेली.

काकांनी माझं कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. मग जुनं कार्ड उचललं, पुसलं आणि पुन्हा त्याच खाचेत बसवलं. दोन्ही ताराही त्याच्यावर दाबून लावल्या.

निलोफर हसली. "काका, ते मेलंय! परत कशाला बसवताय?"

स्वरदानं टेबलाची कड घट्ट धरली. काका हसले नाहीत.

"पोरी, या तारा पार पडद्याच्या कडेपर्यंत गेल्यात. पहिल्या दिवसापासून त्या ह्यालाच जोडलेल्या. सुट्या सोडल्या तर आत कुठेतरी टेकतील आणि नुकसान करतील. ह्याचं काम संपलं, म्हणून ह्याची जागा संपत नाही. नव्याला काम करायचंय ना? मग त्यानं बाहेरून करावं."

त्यांनी खणातून नखाएवढं वायफायचं यंत्र काढलं आणि लॅपटॉपच्या बाजूच्या यूएसबीच्या खाचेत खोचलं. नेटवर्क आलं. माझ्या चार दिवसांच्या अभ्यासात हा प्रकार सर्वांत खालच्या रांगेत होता.

"वेग थोडा कमी मिळेल, बाई," काका मला म्हणाले. "चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले. जी जागा रिकामी नव्हतीच, ती मी दीड वर्ष मागत होते. आणि स्वरदालाही वाटत असणार की ही बाई ती जागा घ्यायलाच आली आहे.

घरी आल्यावर स्वरदानं लॅपटॉप मांडीवर घेतला. बराच वेळ उघडला नाही.

"आईचं आतलं काढलं नाही ना?"

"नाही. जिथल्या तिथे आहे."

तिनं बाजूला डोकावणाऱ्या त्या तुकड्याला बोट लावून पाहिलं. मला लगेच नवी काळजी. म्हटलं, "हे बाहेर आलंय, धक्का लागेल. वर्ग झाला की रोज काढून डबीत ठेवू या का?"

तिनं विचार केला.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. काढलं तर हरवेल."