हंगामाची पहिली बाटली

"मग नाव द्यायला तुमची हरकत तरी काय आहे, काका?"

तन्वेशने तिसऱ्यांदा विचारलं. सोयरूकाका भाणाखाली लाकूड सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दोडामार्ग ओलांडून गोव्यात शिरलं, की एका डोंगरउतारावर सोयरू गावकरांची भाटी लागते. वर झावळ्यांचं छप्पर. खाली तांब्याचं भाण, म्हणजे गळ्याशी निमुळता होत गेलेला मोठा हंडा, आणि धार झेलायला मातीचं मडकं. चाळीस वर्षं इथे काजूची फेणी निघते आहे. झाडावरचं बोंड काका कुणाला तोडू देत नाहीत. आपणहून पडेल तेवढंच वेचायचं, तुडवायचं आणि रस आंबेपर्यंत गप्प बसायचं.

यातलं गप्प बसणं तन्वेशला जमत नसे.

तो पणजीचा. परदेशात जाऊन दारू गाळण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला, आणि इथल्या तीन हंगामांत तीस हंगामांचं शहाणपण आलेला. पोरगा वाईट नव्हता. काकांचे पाय चेपायलाही तो लाजला नसता. फक्त ते चार जणांना दिसावं, एवढीच त्याची इच्छा असे.

आता त्याला स्वतःच्या भाटीचा परवाना मिळाला होता. बाटलीवर 'सोयरू' हे नाव आणि काकांचा चेहरा छापायचा होता. त्यासाठी सही हवी होती, आणि सहीचा कागद गेले आठ दिवस त्याच्या खिशात होता.

"नोकरी सोडून आलोय, काका. तुमचं नाव नसेल तर माझी बाटली कोण विचारणार?"

हे मात्र अगदी खरं होतं.

काकांनी हात झटकले.

"नाव होया तुका?"

"हो."

"मगे नावाबरोबरचा कामय घे."

त्यांनी कोपऱ्यातून एक बाटली आणली. यंदाच्या पहिल्या मडक्यातली, बूच घट्ट बसवलेली.

"डोंगराच्या पल्याड सत्यवती रवता. आमच्या उत्तमाची बायल. तिका नेवन दी."

उत्तम म्हणजे काकांचा जिवलग. दोघांनी मिळून ही भाटी उभी केली, एकाच दगडी कुंडीत बोंडं तुडवली. हंगामाची पहिली बाटली उत्तमची, हा दोघांचा रिवाज. पुढे उत्तमचं पहिलीवर भागेना. मग दिवसाला एकीवरही भागेना. काकांनी ना त्याला अडवलं, ना भाटी थांबवली. एका पहाटे उत्तम रक्त ओकून गेला.

त्या वर्षीही काका रिवाजाप्रमाणे पहिली बाटली घेऊन गेले. सत्यवतीने बूच काढलं, सगळी फेणी अंगणात त्यांच्या पायाशी ओतली आणि रिकामी बाटली त्यांच्या हातात दिली. एक शब्द बोलली नाही. त्याला बावीस वर्षं झाली. काका दर हंगामाला जातात, ती दर हंगामाला ओतते.

"ओतूनच टाकते, तर नेता कशाला?" तन्वेशने विचारलं.

"बगूक."

"काय बघायला?"

काकांनी जाळात एक लाकूड सारलं.

"औंदा गुडघो आयकना नाय," ते म्हणाले. "दिवाळयेक तिच्या चेडवाचा लगीन झाला, चेडू सासरी गेला. ती आता एकटीच असा. सकाळी तू जा. रिकामी बाटली घेवन ये, मगे सही करतंय."

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा तन्वेश परतला. जवळजवळ धावतच. हातात काही नव्हतं.

"बाटली खंय?"

"घेतली!" तन्वेश धापा टाकत म्हणाला. "काका, तिने घेतली! थेंबही सांडला नाही!"

मडक्यात धार पडत होती.

"बावीस वर्षांचा राग गेला बघा. तुम्हाला माफ केलं तिने."

त्याला खरोखर भरून आलं होतं, हे सांगायला हवं. जे गुरूला जमलं नाही ते आपल्या हातून झालं, याचीही चव जिभेवर होती, हेही सांगायला हवं.

"बूच काडल्यान?"

"काढलं. वास घेतला."

"मगे?"

"मग पदराआड धरली आणि आत गेली. आत पेला वाजला, पण मला चहासुद्धा विचारला नाही. गहिवरली असणार. हात कसे थरथरत होते तिचे!"

"किती वाजले हुते?"

"आठ, साडेआठ."

"बोलली काय?"

"दाराआडून एवढंच विचारलं, परत केदवा येतलंस, कधी येशील म्हणून. किती माया, नाही?"

काका गुडघा धरून उठले. भाणाखालचं जळतं लाकूड त्यांनी ओढून काढलं आणि पाण्याच्या टाकीत बुडवलं. मग दुसरं.

"काका! धार चालू आहे! अख्खं भाण फुकट जाईल!"

तिसरं.

चौथं.

धार बारीक झाली. मग थेंब पडू लागले. मग तेही थांबले.

तन्वेशने सहीचा कागद बाहेर काढला होता. त्याचं आता काय करावं, त्याला कळेना. तो घाबरला होता.

"तिने घेतली, यात वाईट काय झालं, काका?"

सोयरूकाका विझलेल्या चुलीपुढे बसले. त्यांना रडू आलं होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"बावीस वर्सां ती वतून टाकायची," ते म्हणाले. "म्हणानच मी जाळ घालत हुतंय."