चाळीस मिनिटांचं गाव

"आणि त्यात म्हातारी माणसं किती?"

रावजीबाबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मेजर शार्दूल जगदाळेने लॅपटॉपवरून मान वर केली.

"अडतीस. मघाशीच सांगितलं, उस्ताद."

रावजीबाबा एके काळी फौजेत सुभेदार होते. नकाशा कसा वाचायचा, हे शार्दूलला त्यांनीच शिकवलं होतं. आता निकामी गुडघा आणि एक धुनी, एवढ्या संसारावर ते टेकडीवरच्या झोपडीत राहत. शार्दूल आला होता शाबासकी घ्यायला, आणि म्हाताऱ्याचे प्रश्न काही संपेनात.

पडद्यावर सीमेवरचं एक गाव होतं. चारशे बारा माणसं, चारशे बारा ठिपके. प्रत्येकाला वय दिलेलं, भीती दिलेली, चालण्याचा वेग दिलेला. भोंगा वाजला की ठिपके घरांतून निघत, पुलावरून नदीपार पोचत आणि पडद्यावरून पुसले जात. चाळीस मिनिटांत गाव रिकामं. एकेचाळिसाव्या मिनिटाला तोफा.

"हजार वेळा चालवून पाहिलंय. संध्याकाळी माझी सही झाली की योजना पक्की."

"यातला एखादा मागे फिरतो?"

"कशाला फिरेल? जीव वाचवायला माणूस पळणारच. ठिपके असले तरी डोकं आहे त्यांना."

"डोकं आहे खरं..."

"मग घोडं अडलंय कुठे? एकदाचं सांगून टाका ना!" शार्दूल वैतागून ओरडला.

आता बाबाही वैतागले. त्यांनी धुनीतलं जळतं लाकूड उचललं आणि छपराच्या वाळल्या गवताला लावलं.

भडका उडाला. शार्दूल लॅपटॉप छातीशी धरून तीन उड्यांत अंगणात पोचला.

मागे वळून पाहतो तर दारात कोणीच नाही...

लॅपटॉप गवतात फेकून तो परत आत घुसला. बाबा पाय लांब करून होते तिथेच बसले होते. त्याने त्यांना पाठुंगळीला घेतलं आणि धुरातून कसाबसा बाहेर आला.

"वेड लागलंय का तुम्हाला? जळून मेला असतात!"

"तू पोचला होतास ना बाहेर?"

"पोचलो होतो."

"मग पुसला का नाही गेलास?"



मागे छप्पर कोसळलं. बाबा अजून शार्दूलच्या पाठीवरच होते. गवतात पडलेल्या पडद्यावर गाव पुन्हा एकदा रिकामं होत होतं. त्याला ते बघवेना.

"अहवाल आजच द्यायचाय, उस्ताद," तो हळूच म्हणाला. "चाळीस नाही, तर मग किती लिहू?"

बाबांना उतरवायला तो खाली वाकला. बाबांनी त्याच्या गळ्यातली मिठी आणखी घट्ट केली.

"उतरवतोस कुठे? खाली ओढा आहे. असाच पलीकडे चल... आणि मग लिही."