दारातून दिसणारी शाळा

विणकरांच्या एका गावात आप्पासाहेब करवंदे नावाचे नगराध्यक्ष होते. माणूस सरळ होता, पण फार दमलेला होता. त्यांना दमवले होते गावातल्या रस्त्याने.

गावात मोठा रस्ता एकच. एका वेशीतून आत शिरणारा आणि दुसऱ्या वेशीतून बाहेर पडणारा. पूर्वी त्यावर सायकली, हातगाड्या आणि डोक्यावर सुताचे गठ्ठे घेतलेली माणसे दिसत. मग मोटारी आल्या. त्या अडकू लागल्या आणि भोंगे वाजवू लागल्या. आप्पांच्या ओट्यावर रोज कोणी ना कोणी तक्रार घेऊन बसलेले असे. त्यात सुताचे व्यापारी रतनशेठ सगळ्यांच्या आधी.

"आप्पा, माझी मोटार बैलगाडीच्या मागून चालते. काहीतरी करा."

आप्पांनी केले. पदपथ उखडले, कडुनिंब तोडले, रस्ता रुंद केला. माणसे मध्ये येऊ नयेत म्हणून मधोमध या वेशीपासून त्या वेशीपर्यंत सलग लोखंडी कठडा घातला. रस्ता चांगला झाला की नाही, हे ठरवण्याची त्यांची एक रीत होती. वेशीवर तोंडात पान टाकायचे आणि मोटारीत बसायचे. पान संपायच्या आत दुसरी वेस आली, की रस्ता उत्तम. वेस आली. रतनशेठांनी आप्पांना हार घातला.

पण रस्ता रुंद झाला तशा मोटारी वाढल्या. समोरच्या दुकानातून मीठ आणायचे तरी वेशीला वळसा पडू लागला. मग ज्यांना परवडले त्यांनी मिठासाठीही मोटार काढली. भोंगे पुन्हा सुरू झाले. आप्पा संध्याकाळी डोळे मिटून ओट्यावर बसत. कोणी काही विचारले तर नुसते "हं" म्हणत.

अशातच दसरा आला. आप्पांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, कोष्टी आळी होती. हे गाव विणकरांनी वसवलेले. म्हणून दसऱ्याचे मानाचे सोने नगराध्यक्षांना सगळ्या कोष्टी आळीने बायकामुलांसह येऊन द्यायचे, अशी तिथली चाल होती. आप्पा धुवट धोतर नेसून वाट बघत बसले. त्यांच्या पत्नीने, माईंनी, वाटीत साखर-खोबरे काढून ठेवले. मोटारीतून येणारे आले आणि सोने देऊन गेले. ऊन उतरले. कोष्टी आळीतून एकही माणूस आला नाही.

"रागावलेत वाटतं," आप्पा म्हणाले.

"मग तुम्ही जा. मोठेपणा दसऱ्याला तरी खुंटीवर टांगा," माई म्हणाल्या.

आळी समोर दिसत होती, पण मध्ये कठडा होता. आप्पा मोटारीत बसले. वळसा घ्यायला मोटार वेशीकडे निघाली आणि वाटेतच अडकली. सोने द्यायला सगळे गाव मोटारी घेऊन बाहेर पडले होते. आप्पांचे पान संपले. दुसरे लावले, तेही संपले. शेवटी ते उतरले, चालत मागे आले आणि देवाचे नाव घेऊन कठड्यावर चढले. धोतर लोखंडात अडकून टर्रकन फाटले.

"ए म्हाताऱ्या, मरायचंय का?" एका मोटारीतून कोणीतरी खेकसले.

आवाज रतनशेठांचा होता. त्यांनी नगराध्यक्षांना ओळखले नव्हते.

आळीतले पहिलेच घर गोदावरीचे. तिचा नवरा मागावर विणायचा आणि ती चरख्यावर त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. फाटक्या धोतरातले आप्पा दारात पाहून ती गडबडून उठली.

"अगं बाई, आप्पा! हे काय झालं?"

"माझं राहू दे. तुम्ही सगळे माझ्यावर रागावलात का गं?"

"राग कशाचा? यायचं कसं ते सांगा. गडी माणसं कठड्यावरून उड्या मारतात. लुगडं नेसून आम्ही मारायच्या का?"

कोपऱ्यात तिची मुलगी मंजुळा मान खाली घालून कांड्या भरत होती. काहीतरी बोलावे म्हणून आप्पांनी विचारले, "कितवीत आहेस बाळ?"

मंजुळाने आईकडे पाहिले.

"शाळा सोडली तिनं," गोदावरी म्हणाली. "थोरला उडी मारून जातो. हिला वळसा घालून रोज कोण नेणार? मी उठले की माग थांबतो. आळीतल्या साऱ्या पोरी अशाच घरी बसल्यात." मग ती हळू आवाजात म्हणाली, "दारातून शाळा दिसते, आप्पा. घंटापण ऐकू येते. पोचता मात्र येत नाही."

आप्पा तिथेच जमिनीवर बसले. मोटार कुठवर पोचते, हे त्यांनी पान चघळत पाहिले होते. माणूस पोचतो की नाही, हे पाहायचे राहूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटारवाल्यांना बोलावले आणि कठडा जागोजागी तोडणार असल्याचे सांगितले. रतनशेठ उसळले.

"माझ्या बाबांचे गुडघे गेलेत. दवाखान्यात त्यांना पाठुंगळी मारून नेऊ का?"

"मोटारीनंच न्या. मोटार बंद करत नाही, शेठ. थांबायला सांगतोय."

"पुढच्या वेळी तुम्हाला मतं कोण देतं, तेच बघतो!"

"बघा," आप्पा म्हणाले. "मी तसाही फार थकलोय."

शाळेसमोर, दवाखान्यासमोर, बाजारासमोर कठडा तुटला. तिथे रस्त्यावर पांढरे पट्टे आले. पदपथ परत बांधले गेले. वेशीपासून वेशीपर्यंत गावची बस फिरू लागली. मोटारींना वाट राहिली, पण उधळायला जागा राहिली नाही. या वेळी कोणी हार घातला नाही. आप्पांच्या ओट्यावर तक्रारी येतच राहिल्या.

शाळेसमोरची वाट खुली झाली त्या सकाळी आप्पा स्वतः पट्ट्यांपाशी उभे राहिले. पलीकडे मंजुळा दप्तर छातीशी धरून उभी होती. तिचे पाऊल उचलेना. तेवढ्यात रतनशेठांची मोटार आली. मागच्या बाजूला त्यांचे वडील बसले होते. आप्पांनी हात वर केला. मोटार करकचून थांबली.

"पळ की गं पोरी! चल, पटकन!" रतनशेठ ओरडले.

"पळायचं नाही," आप्पा म्हणाले. "चालत ये."

"अरे, थांब की जरा," मागून म्हातारे शेठ मुलाला म्हणाले. "माझे गुडघे कुठं पळून चाललेत?"

मंजुळा चालत आली. तिच्यामागून आळीतल्या बाकीच्या मुली निघाल्या, एकमेकींचा हात धरून, सावकाश. शेवटची मुलगी शाळेच्या फाटकात शिरेपर्यंत मोटार उभी होती.

तात्पर्य: मोटार किती वेगाने जाते, यावरून रस्ता चांगला ठरत नाही; ज्याच्याकडे मोटार नाही त्यालाही जायचे तिथे सुखरूप पोचता येते का, यावरून ठरतो.