नवसाची गव्हाण

एकदा एका आईने लेकीसाठी नवस बोलला, आणि तो फेडण्याच्या घाईत त्या लेकीकडे पाहायचेच राहून गेले.

समुद्रापासून कोसभर आत, केळीच्या आणि पानवेलींच्या बागायतीत ख्रिस्ती कुटुंबांची एक वाडी होती. मार्सेलिनाचे घर तिथलेच. घरात नवरा, आठ वर्षांचा रेनॉल्ड आणि पाच वर्षांची सिल्वी. त्या वर्षी ऐन पावसाळ्यात सिल्वीला ताप आला. साधा म्हणता म्हणता तो विषमज्वर निघाला. अठराव्या दिवशी पोरीने डोळे फिरवले, तेव्हा मार्सेलिनाने मरियामातेपुढे पदर पसरला आणि म्हटले, "हिला वाचव. या नाताळला माझ्या लेकरांच्या सत्कृत्यांनी तुझ्या बाळाची गव्हाण काठोकाठ भरीन."

पोर वाचली.

आता ही गव्हाण भरण्याची रीत त्या वाडीत जुनी. नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार आला की मुले करवंट्यांत नाचणी पेरत. नाताळपर्यंत हिरवे कोंब वर येत आणि बाळ येशूच्या गोठ्याच्या देखाव्याभोवती शेत म्हणून मांडले जात. वडीलमाणसे कामट्यांची चांदणी बांधून देत, मुले तिला रंगीत कागद डकवत. देखाव्यातली बाळाची गव्हाण मात्र रिकामी ठेवायची. दिवसभरात केलेल्या प्रत्येक चांगल्या कामामागे प्रार्थनेच्या वेळी पेंढ्याची एक काडी तिच्यात टाकायची. चार आठवड्यांत जे अंथरूण होईल, त्यावर नाताळच्या दिवशी बाळ येशूची मूर्ती निजवायची. खेळता खेळता लेकरांना वळण लागावे, एवढाच त्यामागचा हेतू.

इतरांच्या गव्हाणी वीतभर असत. मार्सेलिनाने नवऱ्याकडून चांगली हातभर लांब करून घेतली.

"अगं, बाळ केवढं, गव्हाण केवढी," नवरा म्हणाला. "यात आपला रेनॉल्ड मावेल."

"नवसाची आहे," ती म्हणाली. 

रेनॉल्डने हे काम मनावर घेतले. झाडलेले अंगण तो पुन्हा झाडी. शेजारच्या कातरीन मावशीला दिवसातून चारदा विचारी, "मावशी, पाणी देऊ?" शेवटी मावशी म्हणाली, "मेल्या, तुझ्या काड्यांपायी मला जलोदर होईल." पण काडी पडायची ती पडायचीच.

सिल्वीचे तसे नव्हते. आजारातून उठलेले पोर, हट्टी झाले होते. प्रार्थनेच्या वेळी आई विचारी, "आज काय चांगलं केलंस?" ती खूप विचार करी आणि सांगे, "आज मी पायरीवर बसले."

"ते काही चांगलं काम नव्हे."

"मग मी मांजरीशी बोलले."

"हिच्या चार झाल्या," रेनॉल्ड म्हणे, "माझ्या त्रेचाळीस."

आई गव्हाणीत डोकावून पाही. अजून तळाची फळी दिसत होती. ती दिसली की आई नाताळपर्यंतचे दिवस बोटांवर मोजी. एकदा धुण्याच्या दगडावर ती कातरीन मावशीला म्हणालीदेखील, "मावशी, पोर वाचली ती नवसावर. नवस अर्धा राहिला आणि देवाने दिलेली परत नेली, तर मी काय करू?" मावशीने तिला असे अभद्र बोलू नये म्हणून दटावले. दोघींपासून चार हातांवर सिल्वी आपल्या नाचणीच्या करवंटीला पाणी घालत होती. लहान मुले आपल्या खेळात असतात, त्यांना काय कळते, असे मोठ्या माणसांना नेहमीच वाटते.

नाताळला चार दिवस उरले. त्या दिवशी सिल्वीने करवंटी उपडी केली, रेनॉल्डच्या चांदणीचा एक कोन मोडला, आणि प्रार्थनेच्या वेळी विचारल्यावर ओठ घट्ट मिटून बसली. आईचा तोल गेला.

"तुझ्यासाठीच चाललंय ना गं हे सगळं? आणि तूच अशी? जा, तुझ्या नावाने आज काडी नाही."

सिल्वी रडली नाही. गव्हाणीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणे आटोपून मार्सेलिना बाहेर आली, तर सिल्वी अंगणात नाही. मागच्या पडवीत नाही. रेनॉल्डला विचारले. तो म्हणाला, "मघाशी होती. माझ्याशी बोलत नव्हती." कातरीन मावशीकडे नाही. हाका सुरू झाल्या. केळीच्या ओळीमागून ओळी पालथ्या घातल्या, उत्तर नाही.

वाडीच्या मागे बावखल होते, बागायतीला पाणी पुरवणारे खोल तळे. त्याला कठडा नव्हता. मार्सेलिनाचे पाय आपोआप तिकडे वळले आणि दहा पावलांवर येऊन थिजले. पाण्यावर हिरव्या शेवाळाची साय धरली होती. ती कुठे फाटली आहे का, एवढेच तिला पाहायचे होते, आणि तेवढेच पाहवत नव्हते. तिने मनाचा हिय्या केला. या कडेपासून त्या कडेपर्यंत नजर नेली. साय अखंड होती. तरी तिचा विश्वास बसेना. ती दुसऱ्या बाजूने पुन्हा पाहू लागली.

तेवढ्यात तळ्यापलीकडे काहीतरी सळसळले. तिकडे कुणाच्या तरी पेंढ्याची उडवी रचलेली होती. उडवीच्या आडून पेंढ्याचा एक भारा चालत आला. भाऱ्याखाली दोन पाय होते. भारा हिंदकळत, तळ्याच्या अगदी काठाकाठाने येत होता, कारण वाहणारीला पुढचे काही दिसत नव्हते.

मार्सेलिनाने हाक मारली नाही. दचकली तर तोल जाईल. ती श्वास रोखून काठाने पुढे गेली आणि पोरीला भाऱ्यासकट उचलून घेतले.

सिल्वीच्या हातांवर पेंढ्याचे ओरखडे उठले होते. ती धापा टाकत म्हणाली, "आई, हे सगळं गव्हाणीत घाल. मग देव मला परत नेणार नाही ना?"

 आईने पोरीला घरी आणले, मावशीच्या मांडीवर दिले आणि तशीच मास्तरांकडे गेली.

मास्तर म्हणजे वाडीतले सर्वांत वृद्ध गृहस्थ. तीन पिढ्यांना त्यांनी धर्मशिक्षण दिले होते. मार्सेलिनाला क्रुसाची खूण करायला हात धरून त्यांनीच शिकवले होते. तिने नवसापासून भाऱ्यापर्यंत सगळे सांगितले. मास्तरांनी ते ऐकून घेतले. शेवटी एवढेच म्हणाले, "गव्हाण किती भरली?"

"अर्धीसुद्धा नाही, मास्तर."

"हं. जा तू. मी पाठोपाठ येतो."

उन्हे कलली तेव्हा मास्तर आले ते एकटे नाही. दाव्याला धरून आपली वर्षाची पाडी घेऊन आले. अंगणात उभे राहून म्हणाले, "ती गव्हाण बाहेर आण."

 तिने गव्हाण आणून ठेवली. मास्तरांनी दावे सैल सोडले. पाडीने एकदा हुंगले आणि पेंढा खायला सुरुवात केली.

"मास्तर," मार्सेलिना पुढे झाली. "मास्तर, अहो, नवसाच्या काड्या आहेत त्या."

"असू दे. भुकेली आहे ती."

रेनॉल्ड रडकुंडीला आला. "त्या माझ्या आहेत. त्रेचाळीस आहेत."

"अरे वा," मास्तर खाली बसत म्हणाले. "मग पहिली कशाची होती?"

रेनॉल्डने आठवून पाहिले. "अंगण झाडल्याची... बहुतेक."

"आणि विसावी?"

तो बोटे मोजू लागला.

"काड्या तेवढ्या लक्षात राहिल्या, कामं विसरलास," मास्तर हसून म्हणाले. "माझंही असंच होतं हो. ये, हिच्या मानेला खाजव, तिला आवडतं."

बघता बघता गव्हाण रिकामी झाली. पाडीने तळाची फळीदेखील चाटली. मार्सेलिना डोळ्यांना पदर लावून उभी होती. मास्तर तिच्याकडे वळले.

"मार्सेलिना, गव्हाण कशासाठी असते?"

"बाळाला निजवायला."

"हे मीच तुम्हाला असं शिकवलं, चूक माझी. गव्हाण असते जनावराने खावं म्हणून. त्या रात्री उतारशाळा माणसांनी भरलेली होती, तिथे बाळाला जागा मिळाली नाही. गोठ्यातली गव्हाण जनावरांनी खाऊन रिती केली होती, म्हणून तिच्यात त्याला ठेवता आलं. तू पदर पसरलास तेव्हा तुझ्या पदरात काय होतं?"

"काहीच नव्हतं, मास्तर."

"तरी ऐकलं ना त्याने? मग आता भरलेली गव्हाण दाखवण्याची घाई कशाला? पोर त्याने दिली ती दान म्हणून. तू त्याचा सौदा केलास, आणि जामीन ठेवलंस ते त्या पोरीलाच."

 पाडीने मान हलवली.

"पण माझा नवस मोडला," ती हळूच म्हणाली.

"लेकरांच्या पुण्याईचा नवस आईने बोलायचा नसतो. आपल्या वाटचं ते आपण फेडायचं. त्या पोरीच्या मनात जे शिरलंय, ते आज तुझ्याशिवाय कुणाला काढता येणार नाही. तेवढं कर."

मार्सेलिना पुसट आवाजात म्हणाली, "तेवढ्याने गव्हाण भरेल?"

"नाही," मास्तर दावे गुंडाळत म्हणाले. "त्या कामाला काडी मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्सेलिना करंज्या करायला बसली. रेनॉल्ड लाट्या मोजून देत होता. ती त्याला म्हणाली, "मोजू नकोस रे, नुसत्या दे." सिल्वीला तिने जवळ बसवून घेतले होते. बोलायचे ठरवले होते, पण सुरुवात सुचत नव्हती. तीन करंज्या झाल्या. चौथीच्या वेळी सिल्वीनेच विचारले.

"गव्हाण रिकामी झाली. आता मला परत नेणार?"

आईने हातातली लाटी खाली ठेवली. 'छे छे, असं काही नसतं' हे वाक्य तिच्या जिभेवर आले होते. ते तिने गिळले.

"सिल्वी, तू बरी झालीस ना, ती तू काही चांगलं केलंस म्हणून नाही. तेव्हा तर तुला उठून बसताही येत नव्हतं. देवाला तू हवी होतीस, आम्हाला हवी होतीस, म्हणून. आता तू करवंटी उपडी केलीस म्हणून तो तुला नेणार नाही. असा नाही तो. मी घाबरले होते आणि घाबरून चुकीचं बोलले."

"तू घाबरलीस?"

"फार घाबरले होते."

सिल्वीला हे नवीन होते. तिने आईकडे नीट पाहिले. मग पिठाचा हात आईच्या गुडघ्यावर ठेवून म्हणाली, "आता घाबरू नकोस. मी बसलेय इथे."

मार्सेलिनाला रडू आले, हसूही आले. पायरीवर नुसती बसलेली असते तेव्हा ही पोर कुणाकुणासाठी बसते, हे आपण कधी विचारलेच नाही, असे तिच्या मनात आले.  तिने पोरीचा हात गुडघ्यावर तसाच राहू दिला आणि एका हाताने करंजीची कड मुडपू लागली. कड वाकडी येत होती.

"आई, ही करंजी फुटणार," रेनॉल्ड म्हणाला.

"फुटू दे. फुटलेल्या आधी खाता येतात."

त्या नाताळला बाळ येशू नुसत्या फळीवर, एका धुवट फडक्यावर निजला. देवाला दिलेला शब्द आपला आपण वाहावा. लेकरांच्या पाठीवर दप्तर पुरे आहे.