भोंग्याचा हार आणि जस्ताचा कण

फार जुनी गोष्ट नाही. एका बर्फाच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा चालली होती. भोंग्याला झेंडूचा हार मिळाला. वायूगळती हुंगणाऱ्या सेन्सरमधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जस्ताच्या कणाला कोणी विचारलेही नाही.

"आहेस तरी कुठे रे, चिमुरड्या?" भोंगा हसला. "मी ओरडलो की सगळा कारखाना धावतो."

तेवढ्यात नळीतून बर्फ गोठवणारा विषारी अमोनिया वायू गळू लागला. उदबत्त्यांच्या धुरात माणसांना तो जाणवला नाही. कणाने मात्र लगेच ओळखला.

"दादा, ओरड."

भोंगा ओरडला, माणसे बाहेर धावली आणि वाचली.

ओशाळून भोंगा म्हणाला, "हा हार तुझा."

"नको," कण ऐटीत म्हणाला. "हाराखाली माझं नाक बुजेल. मग कधी ओरडायचं, हे तुला कोण सांगेल?"