जिताडा ओळखणारे मास्तर

“म्हणजे मी ओढायचं तरी कधी, बुवा?”

निरंजन मास्तरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं आणि पोशाबुवांनी तिसऱ्यांदा आपली बिडी विझली का ते बघितलं.

जागा म्हणजे नांदखारची जुनी जेट्टी. बोट लागायची कधीच बंद झालेली, पायऱ्यांवर शेवाळ, खाली खाडीचं गढूळ पाणी. बुवा इथे चाळीस वर्षं गळ टाकून बसतात. हातात काठी नाही की रीळ नाही, नुसती दोरी. पण जिताडा लागावा तर बुवांनाच. तो खाडीतला रुपेरी, मस्तीखोर मासा इतर भल्याभल्यांना हूल देऊन जातो.

मास्तर पेणच्या शाळेत भूगोल शिकवतात. दोन वर्षं दर रविवारी बुवांच्या पायाशी येऊन बसत होते. गळ बांधायला शिकले, जिवंत कोळंबी अडकवायला शिकले, तासन् तास गप्प राहायलाही शिकले. आता मास्तर माणसाला गप्प बसवणं हे काही खायचं काम नव्हे, पण बुवांनी तेही करून दाखवलं.

मात्र दोरीला मासा लागला रे लागला, की बुवा हात पुढे करत आणि दोरी काढून घेत. दोन वर्षांत मास्तरांनी स्वतःच्या हातानं एकही मासा ओढलेला नाही. शाळेत विचारतात, सासुरवाडीला विचारतात, काय मास्तर, काय लागलं? मास्तर सांगणार काय, कपाळ?

गेल्या गणपतीत त्यांनी फारच पिच्छा पुरवला, तेव्हा बुवा एवढंच म्हणाले होते, “काय ओढणार आहात, ते ठाऊक आहे का?”

झालं. मास्तरांनी ते मनावर घेतलं. चार महिने जेट्टीकडे फिरकले नाहीत. रेवसपासून वेंगुर्ल्यापर्यंत हिंडले, दिसेल त्या कोळ्याला भंडावून सोडलं, पुस्तकं पालथी घातली, परदेशातल्या गळवाल्यांचे व्हिडिओ पाहिले. आणि आज वही काखेत मारून हजर.

“आता ठाऊक आहे, बुवा. विचारा काहीही.”

“तुम्हीच सांगा.”

मास्तरांनी वही उघडली. “आपल्या जिताड्याचे परदेशात जे भाऊबंद आहेत ना, त्यांना म्हणतात बास. त्यात पहिला मोठ्या तोंडाचा बास...”

“तो आपल्याकडेही आहे. दर रविवारी येतो.”

मास्तर हसले, पण बेतानं. “दुसरा लहान तोंडाचा बास. मग पट्टेरी बास. ठिपक्यांचा बास. काळा बास. ब्राझीलच्या नद्यांत एक रंगीबेरंगी असतो, तो मोर बास. शिवाय पांढरा बास...”

“अहो, बास की आता,” मागून जानकीकाकू म्हणाल्या. बुवांची बायको. वरच्या पायरीवर फाटकं जाळं सांधत बसल्या होत्या.

बुवा खाडीकडे बघत राहिले. “हे झाले लांबचे पाहुणे. आपल्या पाण्याचं काय?”

“आपल्याकडे तीन. एक हा जिताडा. दुसरा गोव्याकडचा चोणक. तिसरा खजुरा...”

बुवांनी बायकोकडे हनुवटी केली. “हिचं माहेरचं नाव वेणू. इथे आली आणि जानकी झाली. म्हणजे मी दोन बायकांचा दादला काय?”

“असेल दुसरी तर काढा बाहेर,” काकू म्हणाल्या. “तेवढीच जाळ्याला मदत होईल.”

मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. मग त्यांनी पेन काढलं आणि चोणक, खजुरा अशी जिताड्याचीच दोन नावं मुकाट्यानं खोडली. कान लाल झाले होते. पण त्यांच्याकडे हुकमाचं पान अजून शिल्लक होतं.

“नावाचं सोडा, बुवा. दोन वर्षं दोरी धरून बसलोय. आता मी नुसत्या हिसक्यावरून मासा ओळखतो. डोळे मिटून.”

बुवांनी पहिल्यांदाच मान वळवली. “मिटून?”

“बांधा हवं तर. आणि ओळखला, तर आज ओढू द्याल?”

“...बघू.”

बुवांनी खांद्यावरचा पंचा काढून मास्तरांच्या डोळ्यांवर बांधला. पंच्याला बोंबलाचा असा वास की दुसऱ्या कोणीही पैज तिथेच सोडली असती. मास्तर हलले नाहीत. हातात दोरी आली. बुवा एक पायरी खाली जाऊन बसल्याचं कानांना कळलं.

थोडा वेळ काहीच नाही...

मग एक जड, सावकाश ओढ. आणि लगेच झटका.

“जिताडा,” मास्तर म्हणाले. “अडीच किलोच्या आतला नाही.”

“हं.”

पुन्हा शांत. मग बारीक बारीक टोचे, आणि दोरी एका जागी गच्च.

“गोबरा. दगडाच्या कपारीत शिरलाय बेटा.”

“हं.”

तिसरी ओढ तिरकी गेली. “तांबोशी,” मास्तर म्हणाले. आता त्यांना रंग चढला होता. आज ओढायला मिळणार, यात शंकाच उरली नव्हती.

चौथा हिसका मात्र विचित्र होता. दोन लांब, तीन आखूड. पुन्हा दोन लांब, तीन आखूड...

मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हा आपल्याकडचा वाटत नाही, बुवा. पट्टेरी बास असाच ओढतो म्हणतात. वाट चुकून आला असावा.”

वरून फिस्सकन् हसू फुटलं. “अहो, पुरे करा त्या बिचाऱ्याची चेष्टा,” काकू म्हणाल्या. “पायानं भजनाचा ठेका धरलाय यांनी, आणि तो मासे ओळखतोय.”

मास्तरांनी पंचा ओढून काढला.

दोरी बुवांच्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली होती. गळ पाण्यात गेलाच नव्हता. तो पायरीवर पडला होता, आणि त्याची कोळंबी एका कावळ्यानं केव्हाच लांबवली होती.

मास्तरांना रडू कोसळायचंच बाकी होतं. चार महिने, एवढी वही, एवढी वणवण, आणि ओळखलं काय, तर म्हाताऱ्याचा अंगठा. ते उठले, चपला शोधू लागले. दुसरी चप्पल सापडेना. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि बुवांचा अंगठा अजून ठेका धरून होता.

तो अंगठा बघता बघता मास्तरांनाही हसू आलं. आधी नाकातून, मग खदखदून. पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“तांबोशी म्हणालो मी त्याला,” ते म्हणाले आणि पुन्हा हसत सुटले.

“बसा,” बुवा म्हणाले. “चहा होतोय.”

बुवांनी गळाला नवी कोळंबी लावली, दोरी लांब पाण्यात फेकली आणि मास्तरांच्या हातात दिली. भरती लागली होती. पाणी एक पायरी वर आलं, मग दुसरी. काकूंनी घरून चहा आणून दिला आणि पुन्हा जाळ्याला लागल्या. वही मागे कुठेतरी उघडीच पडली होती.

...

दोरी हलली.

मास्तरांनी आधी बुवांच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय मांडीखाली. दोन्ही हात कपाभोवती.

दोरी पुन्हा ताणली गेली. या खेपेला अशी, की तळहात भाजून निघाला.

“कोण आहे?” बुवांनी विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. जिताडा म्हणावं तर ओढ फार खोल होती, गोबरा म्हणावं तर धाव फार लांबची. जिभेवर सहा नावं येऊन उभी राहिली, आणि त्यांतलं एकही बाहेर पडेना...

“ठाऊक नाही,” मास्तर म्हणाले. आणि दोन वर्षांच्या सवयीनं त्यांनी दोरी बुवांपुढे धरली.

बुवांनी कप खाली ठेवला नाही. सावकाश एक घोट घेतला.

“मग ओढ, पोरा.”